घणवालीचं रक्त

कापणी तोंडावर आली की गावाला एकाएकी आठवायचं, की आपल्याकडे विळे आहेत. वर्षभर ते गोठ्यात, छपरात, कुणाच्या खाटेखाली गंजत पडलेले असायचे. पीक पिवळं पडलं की सगळ्यांना एकाच सकाळी धार हवी. प्रत्येक जण म्हणायचा, "माझं तेवढं आधी." लोहार मान हलवायचा. मान तो सगळ्यांनाच हलवायचा, त्यामुळे कुणी रागावून जायचं नाही आणि कुणाचं काम वेळेवरही व्हायचं नाही.

त्या छपराखाली काम करणारी माणसं तीन. म्हातारी भात्याचं चाक फिरवायची. तिचा लेक सांडशीत लोखंड धरून ऐरणीवर ठेवायचा. आणि त्याची बायको समोर पाय रोवून घण घालायची. तिला गाव घणवाली म्हणे. नाव तिला असणारच, पण ते विचारायची गरज कुणाला पडली नव्हती. लोहार लहान हातोडीनं लोखंडावर जिथे टिचकी मारील, तिथे पुढच्या क्षणी तिचा घण पडायचा. टक्, धम्. टक्, धम्. मध्ये बोलणं नाही. बोलायचं ते लोखंड भट्टीत असताना, आणि तेव्हा ती एवढं बोलायची की आलेलं गिऱ्हाईक घरी जायचं विसरायचं.

"वहिनी, नवऱ्याच्या हाताला चिकटून घण घालता. एखाद्या दिवशी राग आला तर?" असं कुणीतरी विचारायचंच.

"राग आला की नेम बरोबर लागतो. म्हणून तर हे रोज सकाळी भांडण काढतात."

लोहार भट्टीकडे बघत हसायचा. तो कुणाशी भांडल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

त्या हंगामात पहिल्यांदा घण चुकला. टिचकी पडली पट्टीच्या टोकावर, घण आला सांडशीच्या तोंडावर. लाल पट्टी उडून राखेत पडली. लोहाराचा हात कोपरापर्यंत बधिर झाला. त्यानं वर बघितलं. ती घणाच्या दांड्यावर दोन्ही हात टेकून उभी होती, आणि तिचे ओठ राखेच्या रंगाचे दिसत होते.

"घाम डोळ्यात गेला," ती म्हणाली.

तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. म्हातारीनं बघितलं, लोहारानं बघितलं, दोघंही काही बोलले नाहीत. दारात विळे घेऊन बसलेला गिरणीवाला मात्र संध्याकाळपर्यंत चार ठिकाणी बोलला.

मग तिच्या अंगावर वळ उठायला लागले. दंडावर, पोटरीवर, मानेपाशी. आधी जांभळे, मग हिरवट, मग पिवळे. नळावर बाया बादली भरता भरता ते बघायच्या आणि एकमेकींच्या डोळ्यांत बघायच्या. जुना वळ फिका व्हायच्या आत नवा दिसला की त्यांचा हिशेब पक्का व्हायचा. लोहार मुका, लोहार गरीब, लोहार मुंगी मारणार नाही, असं इतकी वर्षं म्हणून गाव कंटाळलं होतं. आता तो आतून वेगळाच निघाला याचं सगळ्यांना जरा बरंच वाटलं. ज्यांच्या घरातून अधूनमधून खरोखरच आवाज यायचे, ते पुरुष सगळ्यांत जास्त हळहळले. गिरणीवाल्यानं तर विळे परत नेले. म्हणाला, "बाईवर हात टाकणाऱ्याच्या हातची धार मला नको." त्याची बायको तेव्हा दोन पावलं मागे उभी होती. ती जमिनीकडे बघत राहिली.

"सांगून टाक की लोकांना," लोहार घणवालीला म्हणाला.

"काय सांगू? माझा नवरा मारत नाही म्हणून दवंडी पिटू? मग तर खात्रीच पटेल."

त्या दिवसापासून लोहार बाहेर निघाला की हात पाठीमागे बांधून चालायला लागला.

घरातलं निदान म्हातारीनं केलं होतं. रक्त कमी. आणि रक्त कमी म्हणजे लोखंड कमी. लाल लोखंड विझवलेलं पाणी बाळंतिणी आणि पांढुरक्या पोरांसाठी लोक पूर्वीपासून तिच्याकडून तांब्यात घेऊन जात. ते देताना तिची मान जरा ताठ व्हायची. "लोहाराच्या घरात लोखंड कमी पडलं, हे कुणी ऐकलंय का?" ती म्हणायची, जणू सुनेनं घराण्याचा अपमान केला होता. रोज सकाळी ती तापलेला खिळा तांब्यात बुडवायची, चर्र आवाज झाला की तांब्या सुनेपुढे धरायची. सून नाक न दाबता प्यायची. वर नर्सबाईच्या लाल गोळ्या. त्या गावातल्या पुष्कळ बायांना मिळायच्या, पुष्कळ बाया त्या फडताळात टाकून द्यायच्या. म्हातारीनं शब्द टाकल्यावर सगळ्यांनी आपापल्या उरलेल्या गोळ्या आणून दिल्या. नाही असं एकही घर म्हणालं नाही. पत्र्याचा डबा भरला.

घणवालीचा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा, नदीपलीकडच्या गावात. वळांची खबर त्याच्यापर्यंत कुणाच्या तरी भाजीच्या पोत्यांबरोबर पोचली. तो आला तो चप्पल न काढता सरळ भट्टीपाशी.

"दाजी, हात दाखवा."

लोहारानं दोन्ही हात पुढे केले. काळे, भाजल्याच्या खुणांनी भरलेले.

"ह्याच हातांनी ना?"

"बस तरी आधी," लोहार म्हणाला. "पाणी घे."

"पाणी नको. माझ्या बहिणीच्या दंडावर काय आहे ते सांगा."

घणवाली आतून भिंतीला धरून आली. "माझ्या दंडावर आहे तर मला विचार. त्यांना ऐरणीपलीकडचं काही दिसत नाही."

"कुणी मारलं, ताई?"

"बादलीनं."

"आणि मानेवर?"

"पिशवीच्या बंदानं."

"चेष्टा करू नको."

"चेष्टा नाही रे. इकडे ये." तिनं त्याचा अंगठा धरून आपल्या मनगटावर टेकवला. "दाब. अजून. आता चहा पी. तोवर तुझाही वळ उठेल. मग गावाला सांगू, हिला भाऊसुद्धा मारतो."

त्यानं चहा घेतला, पण प्यायला नाही. चहावर साय धरायच्या आत तिच्या मनगटावर अंगठ्याएवढा जांभळा डाग आला. भावानं त्या डागाकडे बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडे. मग टेम्पोतली रिकामी खोकी खाली उतरवली, सतरंजी अंथरली आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही मागे बसा, तिचं डोकं मांडीवर घ्या. रस्ता खराब आहे."

माफी मागायची त्याची पद्धत नव्हती. खोकी मात्र त्यानं फार हळू ठेवली.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, आणि मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कमरेच्या हाडातून मगज काढून बघायला लागेल. पडद्याआड तिला पालथी झोपवलं. लोहार पडद्याबाहेर उभा. आतून तिचा आवाज येत होता.

"ही सुई फिरवत आत घालता का, बाई? गिरमिटासारखी?"

"हो. हलू नका."

"हलत नाही. कुणी घडवली हो? टोक चांगलं आहे."

मग थोडा वेळ तिचा आवाज आला नाही. आला तो वेगळाच, दाताखाली काहीतरी धरल्यासारखा. लोहारानं पडद्याची कड मुठीत घेतली आणि सुई बाहेर येईपर्यंत सोडली नाही.

निकालाच्या दिवशी तिघंही डॉक्टरीणबाईंपुढे बसले. लोहारानं वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं. "लोखंड कमी आहे ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "लोखंड जास्त आहे."

लोहारानं बायकोकडे बघितलं. तिनं खांदे उडवले.

बाईंनी कागद उलटा करून एक हाड काढलं, आत टिंबं भरली. "रक्त इथे तयार होतं. हाडाच्या आत, मगजात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, आणि रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी. यांच्या मगजात काम चालू आहे, उलट जोरात चालू आहे. पण पेशी वेड्यावाकड्या घडतात आणि बाहेर पडायच्या आतच मोडतात. म्हणून दम लागतो. रक्त थांबवणाऱ्या पेशी कमी, म्हणून नुसतं दाबलं तरी वळ उठतो."

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला.

"मग लोखंड?" लोहारानं विचारलं.

"लोखंड मगजापर्यंत पोचतं. त्याचं रक्त होत नाही. ते तिथेच पेशीत साचून राहतं, मग काळजात, यकृतात साचतं. आता बाहेरून रक्त द्यायला लागेल, आणि प्रत्येक पिशवीबरोबर थोडं लोखंड जाणारच. ते आपण औषधानं काढू. पण घरून काही देऊ नका. गोळ्या नको, टॉनिक नको."

"विझवलेलं पाणी?"

"तेही नको."

लोहारानं तो कागद आपल्याकडे ओढला. आयुष्यभर त्यानं लोखंडाला काय हवं ते ओळखलं होतं: किती लाल, किती थंड, कुठे ठोकायचं. माल चांगला असून घडत नाही, असं कधी झालं नव्हतं. "म्हणजे माल पडून आहे आणि घडवणारा बिघडला," तो अखेर म्हणाला.

"असं म्हणा."

"घडवणारा दुरुस्त होतो का?"

"कधी कधी दुसऱ्याचा मगज देता येतो. भावाचं जुळतं का बघू."

भावानं तिथल्या तिथे बाही वर केली. पुढे कळलं, जुळत नाही. त्या दिवशी तो टेम्पोत चावी लावून बराच वेळ बसून राहिला. गाडी सुरू करायचं कुणी त्याला म्हणालं नाही.

घरी म्हातारीला हे पटवणं अवघड गेलं. "डॉक्टरीण शिकलेली असेल," ती म्हणाली, "पण लोखंड मी जास्त बघितलंय." तोंडानं बरं म्हणाली, आणि गोळ्या कुटून सुनेच्या कालवणात घालत राहिली. पुढच्या तपासणीत लोखंडाचा आकडा चढला तेव्हा बाईंनी चष्मा काढून विचारलं, घरी कोण काय देतंय. लोहारानं घरी येऊन फडताळ उघडलं. डबा अर्धा झाला होता.

"आई, हे विष आहे तिला."

म्हातारी चुलीपुढे बसली होती. तिनं हातातली पळी खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. "गावानं दिलं ना रे," ती म्हणाली. "सगळ्यांनी दिलं."

गावानं दिलं हे खरंच होतं. पण आता गावाकडे गोळ्या मागायच्या नव्हत्या. रक्तपेढीत सांगितलं होतं, पिशव्या वरचेवर लागतील, तर तुमच्याकडची माणसं आणा. कुठल्याही गटाची चालतील, बदल्यात तिच्या गटाचं देऊ. लोहार हात पाठीमागे बांधून घरोघर गेला. दुकानदाराला नेमका त्याच आठवड्यात खोकला झाला. मास्तरांनी रक्तदानाचं महत्त्व इतकं समजावून सांगितलं की लोहाराला वाटलं, मास्तर चपला घालतायत. पण ते दार लावत होते. एकाच्या आईनं शपथ घातली होती. एक जण येतो म्हणाला आणि टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा शेताकडे निघून गेला. गिरणीवाला म्हणाला, "मी दिलं असतं. पण मागच्या वेळचं आपलं जरा झालंय ना." हे सगळे लोक वाईट नव्हते. सगळ्यांच्या गोळ्या त्या डब्यात होत्या. गिरणीवाल्याची बायको तेवढी टेम्पोपर्यंत आली, चढायला लागली, आणि नवऱ्याची हाक ऐकून उतरली.

शेवटी रक्तपेढीत लोहार आणि मेहुणा असे दोघंच पोचले. तिथल्या बाईनं लोहाराच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब एका काचेच्या भांड्यातल्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब गोल होऊन खाली गेला, मध्येच थांबला आणि वर आला.

"बुडायला हवा," बाई म्हणाली. "तुमचा तरंगतोय. रक्त हलकं आहे. लोखंड कमी आहे तुमच्यात."

"कुणाच्यात?"

"तुमच्यात."

मेहुणा मागे उभा होता. त्याला हसू फुटलं, आणि दाजींचा चेहरा बघून ते तिथेच थांबलं.

"जेवण असतं ना नीट?" बाईनं विचारलं.

जेवण असं होतं, की गेले कितीतरी दिवस ताटातलं अंडं, ताटातली भाजी लोहार बायकोच्या ताटात सरकवत होता आणि भूक नाही म्हणत होता.

"कुठून रक्त जातं का?"

लोहारानं मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्यानं भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला. "उकिडवं बसायचं काम," लोहार खालच्या आवाजात म्हणाला. "शौचाला गेलं की जातं. वर्ष झालं असेल."

"आणि कुणाला सांगितलं नाही."

"ती आजारी होती."

रक्त मेहुण्यानं दिलं. परतताना गाडी चालवता चालवता, रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "दाजी, मूळव्याधीचं औषध घेऊन टाकू. दुकान वाटेतच आहे. मी उतरतो, तुम्ही बसा."

घरी ही हकीकत कळली तेव्हा घणवाली इतकी हसली की हिरड्यांतून रक्त आलं. तोंडावर फडकं धरून ती म्हणाली, "आई, तो डबा काढा. या घरात कुणाच्यात लोखंड कमी होतं ते सापडलं." मग रोज सकाळी ती लोहाराला समोर उभं करून गोळी गिळायला लावायची आणि जीभ बाहेर काढायला सांगायची. लोहार जीभ काढायचा. म्हातारी तिकडे बघायची नाही.

रक्त दिलं की घणवाली काही आठवडे बरी असायची. ओठांना रंग यायचा, बोलणं यायचं. एकदा तर तिनं घण उचलून बघितला आणि कुणी बघायच्या आत खाली ठेवला. मग पुन्हा पायरी चढताना थांबायची. पहिल्यापहिल्यांदा एक पिशवी लांब पुरायची, मग जरा कमी, मग अगदीच कमी. गावातले विळे रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात जायला लागले. तिथे आयते विळे टांगलेले असायचे, पातळ पत्र्याचे, चमकदार. चार दिवसांत वाकायचे, पण ते दिसायला चार दिवस लागायचे.

पुन्हा पीक पिवळं पडायला आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मगज परत तपासला. निकाल सांगायला त्यांनी लोहाराला बाहेर बोलावलं. घणवाली आतूनच म्हणाली, "बाई, इथेच बोला. माझ्या हाडातलं आहे."

बाई आत येऊन पलंगावर बसल्या. "कच्च्या पेशी वाढल्यात. आता हा रक्ताचा कॅन्सर व्हायला लागलाय. जोराचं औषध आहे, पण तुमच्या शरीराला ते झेपेल असं मला वाटत नाही."

"पुढच्या कापणीला घण धरेन का?"

"नाही."

"पुढच्या कापणीला असेन का?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला, दाबला मात्र नाही. "नाही."

"आणि ह्या?"

"ह्या कापणीला असाल."

घणवालीनं चादर छातीपर्यंत ओढली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मग इथे काय करताय? भट्टी कुणी पेटवायची?"

घण घालायला माणूस मिळेना. एकाला आणला, तो दुपारनंतर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मेहुण्यानं गाडी झाडाखाली लावली, शर्ट काढून आरशावर टांगला आणि भट्टीपाशी आला.

"द्या," तो म्हणाला.

लोहारानं घण दिला. घणवालीला दाराशी पोत्यांवर टेकून बसवलं होतं; अंगावर घोंगडी, उन्हाळ्यासारखं ऊन असून. म्हातारीनं चाक फिरवायला घेतलं. पट्टी लाल झाली, पिवळट झाली, सांडशीतून ऐरणीवर आली.

"दाजी, हात जरा मागे घ्या."

"सांडशी एवढीच आहे. हात इथेच राहणार."

मेहुण्याच्या कपाळावर घाम आला. ह्याच हातांसाठी तो एकदा नदी ओलांडून आला होता. लोहारानं टिचकी मारली. घण ऐरणीच्या कडेवर आदळला. पुन्हा टिचकी. घण पट्टीला चाटून गेला. ठिणग्या लोहाराच्या मनगटावर बसल्या. त्यानं मनगट हलवलं नाही.

"अरे, हाताकडे बघतोयस," दारातून घणवाली म्हणाली. आवाज कागदासारखा होता. "हाताकडे बघितलंस तर हातावरच पडेल. टिचकी पडली तिथे बघ. आणि घण घालू नको, सोड. पडू दे त्याला. मी हं म्हणते, मग सोड."

"ताई, तू बोलू नको, दम लागेल."

"दम माझा आहे."

टक्.

"हं."

घण पडला, जवळपास. टक्.

"हं."

धम्. टक्.

"हं."

पट्टी थंड झाली, परत भट्टीत गेली, परत आली. मेहुण्याचे खांदे सैल झाले. पट्टी रुंद झाली, टोकाला वळायला लागली. टिचकी, हं, घण. टिचकी, हं, घण. रस्त्यानं जाणारा गिरणीवाला थांबला, बघत राहिला, आणि कुणी त्याला बस म्हणालं नाही.

मग टिचकी पडली आणि हं आला नाही.

घण डोक्याच्या वर होता. मेहुण्यानं मान वळवायला घेतली.

"वळू नको," लोहार म्हणाला. "घण वर आहे."

दोघंही तसेच उभे राहिले. ऐरणीवरचं पातं लाल होतं, ते काठाकडून काळपट व्हायला लागलं. भात्याचं चाक थांबलं. म्हातारी उठली, गुडघ्यांवर हात ठेवत दारापर्यंत गेली आणि सुनेच्या नाकापुढे तळहात धरला. बराच वेळ धरला.

"आहे," ती म्हणाली. "झोप लागली. करा तुमचं."

लोहारानं पातं सांडशीत नीट धरलं, हात होता तिथेच ठेवला आणि टिचकी मारली. घण बरोबर त्या जागी पडला.